बेने इस्रायलांचे सण आणि बालशिक्षण

गेल्या वर्षीं पावसाळ्यांत, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं म्हणजे तान्ह्या पोळ्याला, आमच्या भंडाऱ्यांतील एका बालवाडीच्या शिक्षिकाबाई माझ्याकडे आल्या होत्या. अंगणांत गल्लींतलीं मुलें आपापले लाकडी बैल घेऊन बोजारा मागत उभीं होतीं. त्यांच्या हातांवर खाऊ आणि नाणीं ठेवून आम्ही ओसरीवर बसलों. बाईंचें काम थोडक्यांत असें होतें : त्यांच्या शाळेनें यंदा निरनिराळ्या धर्मांचे सण लहान मुलांच्या ओळखीचे करून द्यावयाचें ठरविलें होतें. ईद, नाताळ, बुद्धपौर्णिमा यांची त्यांना काळजी नव्हती. त्या त्या घरचीं मुलें वर्गांतच होतीं. परंतु यादींत यहुदी धर्माचाहि एक सण होता, आणि आमच्या गांवांत यहुदी घर एकहि त्यांच्या माहितींत नव्हतें. बाजारांतून त्यांनीं एक छापील चित्र आणलें होतें. त्यांत नऊ वातींचा एक दिवा होता, आणि मुलांनीं त्याच्या ज्योती पिवळ्या रंगानें भरावयाच्या होत्या. "सर, चार वर्षांच्या लेकरांना यांतून काय कळणार?" बाई म्हणाल्या. "आणि खरें सांगूं? मलाच अजून कांहीं कळलेलें नाहीं."

मी इतिहासाचा अध्यापक. तीस वर्षें महाविद्यालयांत शिकवीत आलों. परंतु हिंदुस्थानांतील यहुद्यांविषयीं माझ्या व्याख्यानांत दोन-चार वाक्यांहून अधिक कधीं आलें नव्हतें. 'पाहून सांगतों' असें म्हणून मीं बाईंना निरोप दिला आणि संध्याकाळीं पुस्तकें काढून बसलों. जें हातीं लागलें तें अपेक्षेहून निराळें होतें. बाईंनीं विचारलेला प्रश्न, म्हणजे ज्याला अजून वाचतां येत नाहीं त्या मुलाला सण कसा शिकवावा हा प्रश्न, आपल्याच महाराष्ट्रांत, आपलीच मराठी बोलणाऱ्या एका लहानशा समाजापुढें कित्येक शतकें उभा होता. त्या समाजांत वाचतां न येणारें केवळ मूलच नव्हतें. आपला धर्मग्रंथ वाचूं शकेल असें मोठें माणूसहि त्यांच्यांत उरलें नव्हतें. तरीहि सण टिकले. ते कसे टिकले, आणि टिकतांना त्यांचें काय गमावलें, हें पाहण्यासाठीं हा लेख आहे.

हा समाज म्हणजे कोंकणांतील बेने इस्रायल. यांची जुनी वस्ती पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे आतांच्या रायगड जिल्ह्यांत आणि मुंबईच्या आसपासच्या गांवांत. आडनांवें गांवांवरून आलेलीं : केहीमकर, पेणकर, राजपूरकर, दिवेकर. बोली कोंकणी वळणाची मराठी, बायकांचें नेसणें लुगडें, आणि पुष्कळांचा पिढीजात धंदा तेल गाळण्याचा. शनिवार हा यहुद्यांचा विसाव्याचा वार असल्यामुळें त्या दिवशीं यांचे घाणे बंद असत. म्हणून शेजारचे लोक यांना 'शनवार तेली' म्हणत. त्यांच्यांतील परंपरागत कथा अशी कीं, फार प्राचीन काळीं त्यांच्या पूर्वजांचें गलबत अलिबागजवळ नवगांवच्या किनाऱ्याला फुटलें. सात पुरुष आणि सात स्त्रिया वांचल्या. समुद्रानें परत दिलेलीं प्रेतें तेथेंच पुरलीं. आणि जवळचें सर्व सामान, त्यांतच धर्मग्रंथ, बुडून गेले. हें केव्हां घडलें याविषयीं एकमत नाहीं. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासानें या समाजाच्या रक्तांत मध्यपूर्वेकडील यहुदी आणि भारतीय असे दोन्ही अंश असल्याचें दाखविलें. त्यामुळें बाहेरून येऊन येथें मिसळल्याच्या कथेला आधार मिळाला, तरी त्या गलबताची तिथि कांहीं ठरली नाहीं. माझ्या विषयापुरती ती ठरण्याची आवश्यकताहि नाहीं. ग्रंथ बुडाले, एवढी गोष्ट पुरेशी आहे.

ग्रंथ गेले, त्याबरोबर हिब्रू भाषा गेली आणि शास्त्र सांगणारे आचार्यहि गेले. प्रार्थनेंतील 'शमा' हें एकच वचन तोंडांत राहिलें. बारसें असो, लग्न असो कीं मृत्यु असो, तेंच म्हणावयाचें. प्रार्थनामंदिर तर नव्हतेंच. कंपनी सरकारच्या फौजेंतील सॅम्युएल दिवेकर या अंमलदारानें मुंबईंत पहिलें मंदिर १७९६ सालीं उभें केलें. त्याला पुढें 'जुनी मशीद' म्हणूं लागले, कारण या समाजाच्या बोलींत प्रार्थनामंदिराला मशीदच म्हणतात. म्हणजे १७९६ पूर्वीं शेंकडों वर्षें या लोकांच्या धर्माला घराबाहेर जागा नव्हती. जें कांहीं होतें तें माजघरांत, चुलीपाशीं आणि परसांत.

या समाजांत एक आख्यायिका आहे. दाविद राहाबी नांवाचा एक विद्वान यहुदी परदेशांतून कोंकणांत आला. हे शनिवार पाळणारे तेली खरोखरच आपले धर्मबंधु आहेत काय, अशी त्याला शंका आली. त्यानें परीक्षा घ्यावयाचें ठरविलें. आतां ज्यांच्याजवळ पोथी नाहीं त्यांची परीक्षा कसची घेणार? त्यानें निरनिराळ्या जातींचे मासे बायकांपुढें ठेवले आणि ते रांधावयास सांगितलें. बायकांनीं खवले व पर असलेले मासे उचलले आणि बाकीचे बाजूला सारले. आमच्या वैनगंगेचे झिंगे त्या टोपलींत असते तर तेहि बाजूलाच गेले असते. कारण ज्या जलचराला खवले आणि पर नाहींत तें यहुदी धर्मशास्त्राला निषिद्ध आहे. राहाबीची खात्री पटली. पुढें त्यानें झिराड, शापूरकर आणि राजपूरकर या तीन घराण्यांतील पुरुष निवडून त्यांना धर्मशिक्षण दिलें, अशी कथा आहे. राहाबी कोणत्या शतकांत झाला याविषयीं विद्वानांत मोठा वाद आहे. परंतु कथेचें मर्म वादापलीकडचें आहे. त्या बायकांना 'निषिद्ध कां?' असें विचारलें असतें तर त्यांना सांगतां आलें नसतें. त्यांच्या हातांना ठाऊक होतें, आणि ते हात त्यांनीं आपापल्या आयांच्या शेजारीं बसून, मासे निवडतां निवडतां तयार केले होते. राहाबीनें परीक्षा घेतली ती खरोखर त्यांच्या बाळपणाची.

आतां त्यांच्या सणांकडे वळूं. जगांतील इतर यहुदी आपले सण हिब्रू नांवांनीं ओळखतात, आणि तीं नांवें बहुधा सणाचा अर्थ सांगतात. बेने इस्रायलांचीं जुनीं मराठी नांवें अर्थ सांगत नाहींत. त्या दिवशीं घरांत काय चाललें आहे तें सांगतात. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनीं आपल्या समाजाचा जो मोठा इतिहास १८९७ सालीं लिहून पुरा केला व जो पुढें १९३७ सालीं तेल अवीव येथें छापला गेला, त्यांत हीं नांवें व्यवस्थित नोंदलेलीं आहेत. वर्षारंभाचा तो 'नव्याचा सण'. त्यानंतर लागलाच 'खिरीचा सण' : नारळाचा रस आणि गूळ घालून नव्या भाताची खीर शिजवावयाची, ऊद जाळावयाचा आणि शमा म्हणावयाचा. यहुदी धर्मांतील सर्वांत गंभीर दिवस म्हणजे प्रायश्चित्ताचा, योम किप्पूर. त्याला कोंकणांत नांव 'दारफळणीचा सण', कारण त्या दिवशीं दारें लावून घ्यावयाचीं, पांढरीं वस्त्रें नेसून उपवास करावयाचा आणि परक्या माणसाचा स्पर्श होऊं द्यावयाचा नाहीं. दुसऱ्या दिवशीं 'शिळा सण'. त्या दिवशीं दानधर्म आणि आप्तइष्टांच्या भेटी. राणी एस्तेरच्या स्मरणाचा पुरीम फाल्गुनाच्या सुमारास येतो, म्हणून तो 'होळीचा सण'. जेरुसलेम येथील मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन तो 'बिरड्याचा सण', कारण त्या प्रसंगीं मोड आलेले वाल सोलून त्यांचें बिरडें करावयाचें.

ही यादी वाचतांना प्रथम हंसूं येतें. मंदिर जळालें, राष्ट्र देशोधडीला लागलें, आणि त्याची आठवण कोणती, तर बिरडें! परंतु थोडा विचार करतां लक्षांत येतें कीं, हीं नांवें लहान मुलानें ठेवल्यासारखीं आहेत. चार वर्षांच्या मुलाला सणाचें कारण कळत नसतें. त्याला एवढेंच दिसतें कीं, आज भर दिवसा दार बंद आहे. आज आई जेवत नाहीं. आज आजीनें भिजलेल्या वालांचें पातेलें पुढ्यांत घेतलें आहे आणि आपल्यालाहि मूठभर सोलावयास दिले आहेत. मोड आलेला वाल अंगठा आणि तर्जनी यांत धरून हलकेंच दाबला कीं सालींतून दाणा टुणकन् बाहेर येतो. हें काम लहान बोटांना मोठ्यांपेक्षांहि अधिक साधतें. अशा रीतीनें त्या मुलाचे हात सणांत सामील होत, आणि सणाला नांवहि त्याच कामाचें मिळे. जें मुलाला दिसलें, हुंगलें, चाखलें, तेंच पुढें म्हातारपणीं त्यानें आपल्या नातवंडांना दिलें. दुसरें देण्यासारखें जवळ होतें तरी काय?

सर्वांत बोलकें उदाहरण वल्हांडण सणाचें, ज्याला हिब्रूंत पेसाह म्हणतात. मिसर देशांतील दास्यांतून इस्रायल लोक सुटले, ते इतक्या घाईनें निघाले कीं कणीक आंबावयालाहि अवधि मिळाला नाहीं. म्हणून या सणांत आंबवलेलें कांहींहि खावयाचें नाहीं, बेखमीर भाकरीच खावयाची. कोंकणांत या सणाला नांव पडलें 'अनशी ढाकाचा सण'. अनस म्हणजे तोंडीं लावण्याला वापरावयाचें एक आंबट द्रव. त्याचें मडकें या दिवसांत झांकून ठेवीत. मिसर नाहीं, दास्य नाहीं, घाई नाहीं. एक झांकलेलें मडकें तेवढें राहिलें. असें कां व्हावें? मला वाटतें, याचें कारण कोंकणच्या जेवणांत आहे. युरोपांतला यहुदी रोज खमिराची रोटी खातो; सणाच्या दिवसांत ती बंद झाली कीं मुलाला तत्काळ फरक जाणवतो. कोंकणांत रोजची भाकरी तांदळाची, आणि ती बाराहि महिने बेखमीरच. तेव्हां मुलाच्या डोळ्यांत भरेल असा फरक भाकरींत राहिला नाहीं. घरांतली जी नेहमींची आंबट वस्तु होती तिच्यावरच तो येऊन ठेपला. हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे; पण आम्ही भंडाऱ्याचे लोकहि भातखाऊ असल्यामुळें तो मला पटण्यासारखा वाटतो.

येथें कोणी म्हणेल कीं, ही तर ज्ञानाची मोठीच हानि झाली; तिचें कौतुक कसलें? आक्षेप खरा आहे. हातांनीं सण राखला, परंतु हात मुका असतो. एस्तेर कोण हें विसरलें गेलें. मंदिर कोठें होतें हें विसरलें गेलें. आणि मिसरांतून सुटका झाली ही यहुदी धर्माची मूळ कथाच अंधुक झाली. शंभर पिढ्या मडकें झांकतील, पण कां झांकतों तें एकालाहि सांगतां येणार नाहीं, ही स्थिति कोणत्याहि धर्माला भूषणावह नाहीं. ज्यांना केवळ कृतींतच शिक्षणाचें सर्वस्व दिसतें त्यांनीं हें मडकें जरूर डोळ्यांपुढें ठेवावें. परंतु दुसरी बाजूहि तितकीच खरी आहे. मडकें राहिलें म्हणूनच पुढें अर्थ परत आला तेव्हां त्याला बसावयाला जागा मिळाली. ज्यांनीं मडकेंहि टाकून दिलें असतें त्यांच्या दारीं अर्थ येऊन काय करता?

अर्थ परत आला तो एकोणिसाव्या शतकांत, आणि तोहि मोठ्या विलक्षण वाटेनें. १८२६ पासून कोचीनचे यहुदी शिक्षक कोंकणांत व मुंबईंत येऊं लागले. त्यांनीं प्रार्थना व विधि शिकविले. त्याच सुमारास ख्रिस्ती मिशनरींनींहि या समाजाकडे लक्ष वळविलें. अमेरिकन मिशनच्या मराठी शाळांतून बेने इस्रायल मुलें शिकलीं व कित्येक बेने इस्रायल तेथें शिक्षकहि झाले. स्कॉच मिशनचे डॉ. जॉन विल्सन यांनीं १८३२ सालीं हिब्रू भाषेचें व्याकरण मराठींत लिहून छापलें. मिशनरींचा हेतु धर्मांतराचा होता हें उघड आहे. परंतु मराठींत भाषांतरलेलें बायबल हातीं येतांच या लोकांना आपलाच हरवलेला इतिहास आपल्या घरच्या भाषेंत वाचावयास मिळाला. फार थोडे ख्रिस्ती झाले. पुष्कळसे अधिक डोळस यहुदी झाले. देणाऱ्याच्या मनांत एक आणि घेणाऱ्याच्या पदरांत दुसरेंच, असा हा प्रकार झाला. तो शिक्षणाच्या इतिहासांत तसा दुर्मिळ नाहीं.

या नव्या ज्ञानाचें सर्वांत सुंदर फळ मला दिसतें तें एका लहानशा पुस्तकांत. वल्हांडणाच्या रात्रीं घरीं जेवणाआधीं जी पोथी वाचतात तिला हगादा म्हणतात. हिब्रू मूळ व मराठी भाषांतर अशी हगादा मुंबईंत १८४६ सालीं शिळाछापावर निघाली. आणि १८७४ सालीं पुण्यास एक सचित्र आवृत्ति प्रसिद्ध झाली. या पोथीची रचना बालशिक्षणाच्या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. ती आरंभापासून लहान मुलाला उद्देशून आहे. ताटांत नेहमीं नसणाऱ्या वस्तु मांडलेल्या असतात : बेखमीर भाकरी, कडू पाला, खारें पाणी, खजुराचा गोड रस. हें सारें पाहून घरांतल्या सर्वांत लहान मुलानें चार प्रश्न विचारावयाचे. आजची रात्र इतर रात्रींसारखी कां नाहीं, असा त्यांचा रोख. मूल विचारील तेव्हांच बापानें मिसरची कथा सांगावयाची. कडू पाला जिभेवर असतां दास्याची कथा, भाकरी हातांत असतां घाईची कथा. वस्तु आधीं, प्रश्न मग, उत्तर शेवटीं, हा क्रम लक्षांत घेण्यासारखा आहे. आमच्या शाळांत बहुधा उत्तर प्रथम येतें, प्रश्न परीक्षेंत येतो आणि वस्तु येतच नाहीं.

याच पोथींत चार पुत्रांचें वर्णन आहे. एक शहाणा, एक दुष्ट, एक भोळा. आणि चौथा तो, ज्याला प्रश्नहि विचारतां येत नाहीं. पहिल्या तिघांना त्यांच्या त्यांच्या प्रश्नाप्रमाणें उत्तर द्यावें. चौथ्याच्या बाबतींत मात्र त्यानें विचारण्याची वाट न पाहतां आईबापांनींच आरंभ करून द्यावा, असें तेथें सांगितलें आहे. टीकाकार या चौथ्याला मूढ म्हणोत कीं उदासीन म्हणोत. मला तर तो बालवाडींतला मुलगा वाटतो. त्याच्याजवळ शब्द नाहींत, पण डोळे आहेत.

पुण्याच्या १८७४ च्या आवृत्तींतील चित्रें पाहिलीं म्हणजे वर सांगितलेले दोन धागे एकत्र आलेले दिसतात. बेखमीर भाकरीची तयारी करणाऱ्या बायका त्यांत दाखविल्या आहेत. त्या कोणी परदेशी स्त्रिया नव्हेत. महाराष्ट्रीय पद्धतीचें लुगडें नेसून जमिनीवर बसलेल्या आपल्याच घरांतल्या बायका आहेत. हिब्रू अक्षरें, मराठी भाषांतर, आणि मधें भाकरी थापणारे हात. जें शतकानुशतकें मुक्यानें चाललें होतें त्याला पोथींत जागा मिळाली, आणि पोथीला चुलीपाशीं जागा मिळाली. पेसाहपूर्वीं घराला पांढरी देणें, तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई करून घेणें, हे प्रघात पुढेंहि चालूच राहिले. आमचें भंडारा पितळेच्या भांड्यांचें गांव. कल्हईवाल्याच्या भात्याभोंवतीं सारी गल्लींतली मुलें कशी गोळा होतात आणि काळवंडलेलें पातेलें चांदीसारखें उजळून निघतांना कशीं टक लावून पाहतात, हें मीं लहानपणीं अनुभवलें आहे. कोंकणांतल्या यहुदी मुलाला सण आल्याची वर्दी या भात्याच्या आवाजानेंच मिळत असली पाहिजे.

पुढचा टप्पा शाळेचा. केहीमकर आणि त्यांचे सहकारी यांनीं १८७५ सालीं मुंबईंत इस्रायली शाळा काढली. हिच्यांत इतर विषयांबरोबर हिब्रूहि शिकवीत. हीच पुढें सर एली कदूरी शाळा या नांवानें प्रसिद्धीस आली. मोठ्यांसाठीं १८८० च्या सुमारास कीर्तनाची योजना झाली : टाळ, पदें, निरूपण सर्व मराठी थाटाचें, आणि आख्यान मात्र मोशेचें किंवा योसेफाचें. कदूरी शाळेचें मुख्याध्यापकपद १९२२ पासून रिबेका रूबेन या विदुषीनें दीर्घकाळ सांभाळलें. मुंबई विद्यापीठाच्या १९०५ च्या मॅट्रिक परीक्षेंत पहिल्या आलेल्या याच बाई. ज्या समाजांतील स्त्रियांची परीक्षा एके काळीं माशांच्या टोपलीवर झाली होती, त्याच समाजांतील मुलगी साऱ्या इलाख्यांत पहिली आली, हें या कथेचें एक समाधानकारक पान आहे.

याच काळांत बाहेरचें जगहि त्याच निष्कर्षाला येत होतें. जर्मनींत फ्रेबेल यांनीं १८४० सालीं आपल्या बालशाळेला 'किंडरगार्टन' म्हणजे बालोद्यान असें नांव दिलें. रोम शहरांत मारिया माँटेसोरी यांनीं १९०७ सालीं आपलें पहिलें बालगृह उघडलें. मुलाचा हात हाच त्याच्या बुद्धीचा मार्ग, हें त्यांच्या पद्धतीचें सार. १९३९ सालीं त्या हिंदुस्थानांत आल्या. परंतु त्यापूर्वींच, १९२६ सालीं, गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनीं नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली होती. ताराबाईंनीं १९४५ सालीं तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें ग्रामीण मुलांसाठीं काम आरंभिलें. तेथें विलायती साधनें परवडणारीं नव्हतीं. तेव्हां बिया, शंख-शिंपले, पानें, माती अशा भोंवतालच्याच वस्तूंतून त्यांनीं साधनें उभीं केलीं. वालाचें पातेलें पुढ्यांत घेऊन बसलेल्या आजीला यांतील एकहि नांव ठाऊक नव्हतें. पण ताराबाई तिच्या ओसरीवर गेल्या असत्या तर त्यांना परकें वाटलें नसतें.

आतां त्या छापील चित्राकडे येतों. नऊ वातींचा तो दिवा हनुक्का नांवाच्या सणाचा. इ. स. पूर्व १६४ च्या सुमारास यहुद्यांनीं ग्रीक राजसत्तेच्या हातून जेरुसलेमचें मंदिर सोडवून पुन्हां पवित्र केलें, त्याची ही आठवण. गंमत अशी कीं, बेने इस्रायलांच्या जुन्या सणांत नेमका हाच सण नव्हता. तो त्यांना बाहेरच्या शिक्षकांकडून मागाहून कळला. यावरून केहीमकर प्रभृतींनीं अनुमान काढलें कीं, आपले पूर्वज या घटनेपूर्वींच पॅलेस्टाइनांतून निघाले असावेत. अनुमान चतुर आहे. परंतु एखादी गोष्ट आढळत नाहीं एवढ्यावरून ती कधींच नव्हती असें सिद्ध होत नाहीं. आणि या समाजाच्या स्मृतीची रीत आपण वर पाहिलीच : ज्या सणाला स्वतःचें निराळें असें घरगुती काम असेल तो टिकला. दिवे लावणें तर कोंकणांत घरोघर दिवाळींत चालतच होतें. त्या उजेडांत एखादा निराळा दिवा दिसेनासा झाला असल्यास नवल नाहीं. पुढें हा सण रुजला तोहि इथल्याच साहित्यानें : भिंतीवर टांगलेल्या लाकडी पाटीवर काचेचे पेले बसवून त्यांत खोबरेल तेलाच्या वाती लावूं लागले.

१९४८ सालीं इस्रायल राष्ट्र स्थापन झालें आणि त्यानंतरच्या कांहीं दशकांत या समाजांतील बहुसंख्य माणसें तिकडे गेलीं. त्या सुमारास वीस हजारांच्या घरांत असलेला हा समाज आज महाराष्ट्रांत कांहीं थोड्या हजारांवर आला आहे. २०१६ सालीं राज्य सरकारनें यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हां पुष्कळांना हा समाज येथें आहे हेंहि प्रथमच कळलें. तिकडे गेलेल्यांच्या नातवंडांना आतां हिब्रूची वा सणांच्या अर्थाची वाण नाहीं. बालवाडीपासून तें सारें शिकवलें जातें. तेथें जपावें लागतें तें निराळेंच : 'मायबोली' हें मराठी नियतकालिक, आणि मलिदा. पोहे, ओलें खोबरें, गूळ किंवा साखर व फळें यांचा हा नैवेद्य एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नांवानें शुभकार्याच्या आरंभीं करतात. अलिबाग तालुक्यांतील खंडाळें येथें त्याच्या रथाच्या घोड्याची टाप उमटलेली आहे अशी श्रद्धा आहे. हा विधि जगांतल्या दुसऱ्या कोणत्याहि यहुदी समाजांत या रूपानें नाहीं. म्हणजे पूर्वीं कोंकणांत जो प्रश्न यहुदीपणाचा होता तोच आज इस्रायलांत कोंकणीपणाचा झाला आहे, आणि उत्तरहि तेंच आहे : आजीच्या शेजारीं बसून पोहे भिजवणारे लहान हात.

एवढें सारें मीं बालवाडीच्या बाईंना सांगितलें, अर्थात् याहून पुष्कळच थोडक्यांत. मलिदा किंवा पेसाहच्या प्रार्थना यांची मुलांकडून नक्कल करवूं नये, असें मीं सुचविलें. ज्यांची ती श्रद्धा आहे त्यांच्याच घरीं ती शोभते, आणि परक्याच्या पूजेचा खेळ करणें म्हणजे तिचा आदर करणें नव्हे. परंतु मडकें झांकणें ही कांहीं पूजा नव्हे, आणि भाकरी तर आपलीहि आहे. पेसाह बहुधा चैत्री पौर्णिमेच्या आसपास येतो. यंदाच्या चैत्रांत बाईंनीं वर्गांत एक लहान मडकें ठेवलें, त्यांत चिंचेचें पाणी घातलें, आणि मुलांकडून फडकें बांधून तें झांकविलें. तांदळाचें पीठ भिजवून मुलांनीं तळहाताएवढ्या भाकऱ्या थापल्या. पुष्कळ फाटल्या, पण बाईंनीं भाजल्या व सर्वांनीं मिळून खाल्ल्या. कथा सांगितली ती चार वाक्यांची : कांहीं लोक एका जुलमी राजाच्या गांवांतून रातोरात निघाले, कणीक फुगेपर्यंत थांबावयाला वेळ नव्हता, म्हणून त्यांनीं अशीच भाकरी खाल्ली, आणि त्यांचीं नातवंडें अजून त्याची आठवण ठेवतात. मडकें आठ दिवसांनीं उघडावयाचें होतें. रोज एक खडा शेजारीं ठेवावयाचा, असें ठरलें.

त्यानंतर बाई मला भेटल्या तेव्हां म्हणाल्या कीं, पहिल्या दिवशीं एकाहि मुलानें कांहीं विचारलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं एक मुलगी वर्गांत शिरतांच मडक्यापाशीं गेली आणि "अजून नाहीं उघडलं? कां नाहीं?" म्हणून तिनें विचारलें. मग बाईंनीं कथा पुन्हां सांगितली. तिसऱ्या दिवशीं दुसऱ्या कोणी विचारलें, आणि ती सांगण्याचें काम त्या मुलीनें केलें. राजाचा तिनें वाघ केला होता; बाकी सर्व ठीक होतें.

राजाचा वाघ झाला याचें मला वाईट वाटलें नाहीं. ज्यांनीं मंदिराचें बिरडें केलें त्यांच्याहूनहि मोठी चूक ती नव्हे, आणि ती सुधारावयाला पुढें पुस्तकें आहेत. मला चिंता वाटते ती आमचीच. यंदाचा तान्हा पोळा जवळ येत आहे. आमच्या गल्लींतल्या कित्येक घरांत लाकडी बैल माळ्यावर आहेत, आणि मुलांना शाळेंत रंगवावयाला बैलाचें छापील चित्र मिळतें. बैल कां पूजावयाचा हें त्या मुलांना पुढें कोणत्याहि पुस्तकांत वाचावयास मिळेल. दोरीला धरून तो ओढीत दारोदार जाण्याचें वय मात्र पुस्तकासाठीं थांबणार नाहीं. माझ्या नातवाचा बैल मीं कालच माळ्यावरून काढला. त्याचें एक चाक निखळलें आहे; तें बसवून घेतलें पाहिजे.